तांबड्या शरबतामागचा हकीम

मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो आणि दुसरा हात आपोआप पेल्याकडे वळतो. आपल्या गावात ज्या घरांत रोजे धरले जातात, त्यांतल्या बहुतेक घरांच्या दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर, या वेळी तांबड्या शरबताचा जग असतोच. रोजा नसलेल्या शेजारच्या घरातही मे महिन्यात तीच बाटली फ्रीजच्या दारात उभी असते. कुणी ते दुधात घालतो, कुणी फालुद्यावर ओततो, कुणी नुसत्या थंड पाण्यात. बाटलीवरचे ‘रूह अफजा’ हे नाव लहान मुलांनाही ठाऊक आहे. मात्र ते शरबत ज्यांनी पहिल्यांदा तयार केले, त्या हकीम हाफिज अब्दुल मजीद यांच्याविषयी फारच थोडे बोलले जाते. वयाची चाळिशीही न गाठलेला हा माणूस आपल्यामागे काय ठेवून गेला, हे रमजानच्या निमित्ताने समजून घ्यायला हरकत नाही.

अब्दुल मजीद यांचा जन्म १८८३ मध्ये पिलीभीतचा. हिमालयाच्या तराईतले हे गाव आज उत्तर प्रदेशात येते. लहानपणीच त्यांनी संपूर्ण कुरआन मुखोद्गत केले, म्हणून नावाआधी ‘हाफिज’ लागले. पुढे कुटुंब दिल्लीला आले आणि तरुण अब्दुल मजीद युनानी वैद्यकाकडे वळले. त्या काळच्या दिल्लीत युनानी म्हटले की एकच नाव पुढे यायचे, ते म्हणजे हकीम अजमल खान. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले आणि युनानीबरोबर आयुर्वेदाचीही बाजू घेऊन लढलेले हे मोठे गृहस्थ. दिल्लीच्या ज्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींनी केले, ते त्यांनीच उभे केले. तिथे आयुर्वेद आणि युनानी एकाच छताखाली शिकवले जात. अजमल खान यांच्या हिंदुस्तानी दवाखान्यात अब्दुल मजीद यांनी काही काळ काम केले. आपण मराठीत दवाखाना म्हणतो तो डॉक्टरांचा. उर्दूत दवाखाना म्हणजे औषधे तयार करून विकण्याची जागा. तेव्हा अब्दुल मजीद यांचे खरे शिक्षण नाडीपेक्षा जडीबुटीच्या पोत्यांपाशी झाले, असे म्हणता येईल. कोणते मूळ जुने, कोणते ताजे, कुठल्या बियांत भेसळ आहे, हे डोळ्यांनी आणि नाकाने ओळखायचे ते काम.

१९०६ मध्ये त्यांनी जुन्या दिल्लीत हौज काझी भागात स्वतःचे छोटे दुकान थाटले. तेव्हा दिल्ली राजधानी नव्हती. राजधानी कलकत्ता, आणि दिल्ली हे पंजाब प्रांतातले एक जिल्ह्याचे गाव. दुकानाला नाव दिले ‘हमदर्द’. फारसीत ‘हम’ म्हणजे सोबतचा आणि ‘दर्द’ म्हणजे वेदना. ज्याची वेदना तुमच्या वेदनेसोबत आहे, तो हमदर्द. मराठीत ‘समदुःखी’ म्हटले तर नेमका तोच अर्थ निघतो. दुकानाला आपले किंवा वडिलांचे नाव देण्याची चाल असताना त्यांनी हा शब्द निवडला. पुढच्या शंभर वर्षांत या शब्दाची बरीच परीक्षा व्हायची होती.

दुकान बाहेर आणि कारखाना घरात, असा तो मामला होता. निवडणे, कुटणे, भिजवणे, गाळणे ही कामे घरच्या माणसांच्या हातांनीच व्हायची. त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांचा या कामातला वाटा लहान नव्हता. पापड-लोणच्यांवर संसार उभे करणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत, त्यामुळे हे चित्र आपल्याला परके वाटू नये.

आता थोडे त्या विद्येविषयी, कारण तिच्याशिवाय या माणसाचे मोठेपण कळत नाही.

वनस्पतीतला गुण बाहेर काढायचा तर युनानीत त्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत. वनस्पती पाण्यात उकळली की जोशांदा होतो, म्हणजे आपला काढा. उकळवायची नसेल तर रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची आणि सकाळी ते पाणी गाळून घ्यायचे. तो खेसांदा. बिया पाण्यासोबत वाटून जे दुधाळ पाणी निघते, त्याला शीरा म्हणतात. आपल्या रव्याच्या शिऱ्याशी त्याचा संबंध नाही. आयुर्वेदातले क्वाथ, हिम आणि स्वरस ज्यांना माहीत आहेत, त्यांना ही मंडळी ओळखीची वाटतील. यातली सर्वांत नाजूक रीत म्हणजे अर्क. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. भांड्याच्या झाकणाला जे थेंब घामासारखे फुटतात, तेच गोळा केले की अर्क झाला. ओव्याचा आणि बडीशेपेचा अर्क आपल्याकडच्या आज्यांच्या कपाटात असायचाच.

अर्क काढायची पारंपरिक भट्टी आजही कनौजला पाहायला मिळते. तांब्याचे मोठे पातेले, त्याला म्हणायचे देग. त्यात फुले आणि पाणी. झाकणाच्या फटी ओल्या मातीने लिंपून बंद करायच्या. झाकणातून बांबूची नळी निघते आणि थंड पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाते. ते भांडे म्हणजे भपका. खाली मंद आच. वाफ नळीतून भपक्यात जाते, थंड होते आणि तिचे सुगंधी पाणी होते. ‘गुलाब’ हा शब्दही मुळात या पाण्याचाच. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. पाण्याचे नाव पुढे आपण फुलालाच देऊन टाकले. हाच शब्द अरबस्तानात जाऊन ‘जुलाब’ झाला आणि औषधाच्या वाटेने आपल्याकडे भलत्याच अर्थाने परतला, ही गंमत वेगळीच.

या रीतीचा एक नियम आहे. वाफेसोबत जे उडते, तेवढेच अर्कात येते. गुलाबाचा सुगंध येतो, पण रंग येत नाही. म्हणून खरा गुलाबाचा अर्क पाण्यासारखा पांढरा असतो. फळाचा गोडवा, पालेभाजीतले क्षार, बियांचा थंडावा यातले काहीही वाफेवर चढत नाही. ते हवे असेल तर रस काढावा लागतो, भिजवावे लागते किंवा वाटावे लागते. उलट केवडा नुसता उकळत बसलात तर त्याचा वास घरभर पसरेल आणि पातेल्यात काही उरणार नाही. कोणत्या वस्तूला किती आच आणि किती वेळ, हे ठाऊक असणे हीच हकिमाची खरी पुंजी.

अब्दुल मजीद यांच्यापुढचा प्रश्न दिल्लीच्या उन्हाळ्याचा होता. मे-जूनमध्ये तिथे राजस्थानकडून लू वाहते. विदर्भ-खानदेशात राहणाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगायची गरज नाही. ऊन लागणे, घशाला कोरड, लघवीची जळजळ, चक्कर अशा तक्रारी घेऊन माणसे हकिमाकडे येत. हकीम प्रत्येकाला चार-सहा जिन्नस लिहून देई. रोग्याने ते आणायचे, घरी भिजवायचे, वाटायचे, गाळायचे. गरिबाला जिन्नस परवडत नसत आणि मजुराला वेळ नसे. शिवाय अर्क फार टिकत नाही, खेसांदा तर दुसऱ्या दिवशीच आंबतो.

त्यांनी काढलेला तोडगा ऐकायला सोपा वाटतो. उन्हावर चालणाऱ्या या सगळ्या वस्तूंचा, ज्याला जी रीत मानवते त्या रीतीने, गुण काढून घ्यायचा आणि तो साखरेच्या दाट पाकात बांधून टाकायचा. पाकात साखर पुरेशी असली, म्हणजे वजनाने साधारण दोन भाग साखर आणि एक भाग पाणी, तर त्यात बुरशी आणि जंतू सहसा वाढत नाहीत. मुरंबा टिकतो त्याच कारणाने शरबत टिकते. हे शरबत १९०७ मध्ये तयार झाले.

त्यात पडणाऱ्या वस्तूंची जी यादी सर्वश्रुत आहे, ती मराठी डोळ्यांनी वाचून पाहा. घोळीच्या बिया, कासनी, मनुका, नीलोफर म्हणजे पाण्यातले कुमुद, गावजबान आणि कोथिंबीर. फळांत संत्रे आणि इतर मोसमी फळे. भाज्यांत पालक, गाजर आणि पुदिना. फुलांत गुलाब, केवडा, लिंबाची आणि संत्र्याची फुले. आणि मुळांत वाळा, तोच जो आपण उन्हाळ्यात माठात सोडतो. कासनी आणि गावजबान सोडले तर यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू आपल्या बाजारात आणि परसात सापडते. हकीम साहेबांनी कुठली दुर्मीळ बुटी शोधली नव्हती. लोकांच्या ओळखीच्याच वस्तू त्यांनी एका बाटलीत आणल्या, त्याही अशा की औषधाची चव लागू नये. रोगी औषध नाईलाजाने घेतो, शरबत मात्र घरातले सगळे मागून पितात. हा फरक त्यांना कळला होता.

‘रूह अफजा’ म्हणजे आत्म्याला उल्हास देणारे. उर्दू वाचणाऱ्यांच्या कानाला हे नाव नवे नव्हते. लखनौचे कवी पंडित दयाशंकर नसीम यांच्या ‘गुलजार-ए-नसीम’ या प्रसिद्ध काव्यात याच नावाची एक परी आहे. ते काव्य म्हणजे गुलबकावलीची गोष्ट, जी आपल्या मराठी वाचकांनीही एकेकाळी आवडीने वाचली. नसीम काश्मिरी पंडित होते. इफ्तारच्या पेल्यातल्या नावाची ओळख उर्दू वाचकांना अशी एका पंडितांच्या काव्यातून होती. त्या काळच्या उर्दूत यात कुणाला नवल वाटले नसते. नवल वाटते ते आज आपल्याला.

या बाटलीचा आपल्या महाराष्ट्राशीही एक धागा आहे. १९१० च्या सुमारास मिर्झा नूर अहमद या चित्रकाराने तिचे फुला-फळांचे रंगीत लेबल तयार केले. इतक्या रंगांची छपाई तेव्हा दिल्लीत होत नव्हती, म्हणून ते मुंबईच्या बोल्टन प्रेसमध्ये छापून घेतले गेले. शरबत दिल्लीचे आणि त्याचा पोशाख मुंबईचा.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे शरबत रमजानसाठी बनलेलेच नव्हते. इस्लामी महिने चंद्रावर चालतात आणि त्यांत अधिक महिना नसतो. त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. हिशेब केला तर १९०७ चा रमजान ऑक्टोबरमध्ये होता, म्हणजे लू कधीच सरलेली. शरबत जन्मले ते उन्हासाठी, धर्म न विचारता. पुढे रमजानच हळूहळू उन्हाळ्याच्या दिशेने सरकत आला. १९१४ मध्ये तो जुलै अखेरीस सुरू झाला, १९१७ मध्ये जूनमध्ये. १९२२ मध्ये एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन तो मे महिनाभर चालला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि बाहेर दिल्लीचा मे. त्या वेळी इफ्तारला या पेल्याची काय किंमत वाटली असेल, ते सांगायला नको.

त्याच १९२२ साली हकीम साहेब गेले. वय चाळिशीच्या आत. दुकान उघडून जेमतेम सोळा वर्षे झाली होती. थोरला मुलगा अब्दुल हमीद तेरा-चौदा वर्षांचा आणि धाकटा मोहम्मद सईद दोन वर्षांचा. बाजारात नाव झालेले, पण ते नाव एका माणसाच्या हाताच्या भरवशावर उभे होते. अशा वेळी दुकाने कशी बुडतात, हे आपण आपल्याच पेठेत पाहिले आहे. भाऊबंद येतात, उधारी बुडते, माल हलका होतो आणि दोन वर्षांत पाटी उतरते.

ती पाटी उतरली नाही, याचे श्रेय राबिया बेगम यांना जाते. पडद्यात राहणाऱ्या या विधवेने कारभार हाती घेतला आणि थोरल्या मुलाला कोवळ्या वयातच कामाला जोडून घेतले. कागदावरची कृती कुणालाही मिळू शकते. पण वाळा जुना निघाला तर तो परत पाठवायचा, पाक कच्चा राहिला तर घाण पुन्हा चढवायचा, नफा कमी झाला तरी चालेल पण फुले कमी करायची नाहीत, हे कागदावर लिहिलेले नसते. ते घरात कुणीतरी पाहिलेले असावे लागते, आणि राबिया बेगम यांनी ते पाहिले होते. म्हणून हकीम साहेबांचे चरित्र १९२२ मध्ये संपत नाही. ते पुढे त्यांच्या बायकोच्या आणि मुलांच्या हातून चालू राहते.

अब्दुल हमीद मोठे होऊन हकीम झाले आणि त्यांनी हमदर्दचा मोठा कारखाना केला. धाकटे सईदही हकीम झाले. मग १९४७ आले. थोरला भाऊ दिल्लीत राहिला, धाकटा १९४८ मध्ये कराचीला गेला आणि तिथे त्याने भाड्याच्या जागेत नव्याने सुरुवात केली. एका आईची दोन मुले दोन देशांत, आणि दोन्हीकडे तेच शरबत. पुढे १९७१ नंतर ढाक्याची शाखा बांगलादेशची झाली. सरहद्दी बदलल्या, झेंडे बदलले, तरी तिन्ही देशांत इफ्तारच्या वेळी तोच तांबडा पेला उचलला जातो. ‘समदुःखी’ हे नाव वडिलांनी कुठल्या मुहूर्तावर ठेवले होते, कोण जाणे.

दोन्ही भावांनी आणखी एक गोष्ट सारखीच केली. आपापला धंदा त्यांनी वक्फ केला. वक्फ या शब्दावर हल्ली पुष्कळ बोलले जाते. त्याचा साधा अर्थ असा की मालकाने आपली मालकी सोडून वस्तू लोकांच्या उपयोगासाठी कायमची देऊन टाकणे. दिल्लीच्या हमदर्दचे वक्फ १९४८ मध्ये झाले, म्हणजे फाळणीच्या जखमा ओल्या असतानाच. शरबताच्या नफ्यातून दवाखाने, ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. दिल्लीच्या जामिया हमदर्दला १९८९ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे सर्व धर्मांची मुले-मुली शिकतात. हकीम अब्दुल हमीद यांना भारत सरकारने पद्मभूषण दिले. कराचीत हकीम सईद यांची १९९८ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, दिल्लीत थोरल्या भावाने डोळे मिटले.

आता तुमच्या-आमच्या स्वयंपाकघराकडे येऊ. कारखान्याची बाटली दुकानात मिळतेच, पण हकीम साहेबांची विद्या मुळात घरची होती आणि तिचा एक लहानसा नमुना कुणालाही करून पाहता येतो.

देशी, वासाचा गुलाब घ्यावा. हार-गुच्छांची फुले नकोत, त्यांवर फवारणी असते. पाव किलो पाकळ्या धुऊन रुंद पातेल्यात एक लिटर पाण्यात घालाव्यात. मधोमध स्टीलची उंच तिवई ठेवून तिच्यावर वाटी ठेवावी. वाटी पाण्याच्या वर राहिली पाहिजे. पातेल्याचे झाकण उलटे ठेवावे, म्हणजे त्याची मूठ बरोबर वाटीवर येईल. झाकणावर बर्फ ठेवावा आणि मंद आचेवर पातेले ठेवावे. वाफ बर्फाच्या गारव्याने झाकणाला धरेल आणि मुठीवरून थेंब-थेंब वाटीत पडेल. बर्फ वितळला की पाणी काढून नवा घालावा, वाटी भरत आली की बाटलीत रिकामी करावी. पाव लिटर अर्क जमला की थांबावे. सुगंध सुरुवातीच्या अर्कातच जास्त असतो. लोभाने पुढे चालू ठेवले तर नुसते पाणी येते.

आदल्या रात्री मूठभर वाळा स्वच्छ धुऊन अर्धा लिटर पाण्यात भिजत घालावा. सकाळी ते पाणी गाळून त्यातले साधारण चारशे मिलिलिटर घ्यावे, त्यात एक किलो साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून पाक करावा. लिंबामुळे पाकात पुन्हा साखरेचे खडे बनत नाहीत. पाक पूर्ण निवल्यावरच त्यात शंभर ते सव्वाशे मिलिलिटर गुलाबाचा अर्क मिसळावा. गरम पाकात घातला तर तासाभराची मेहनत वाफेसोबत उडून जाईल. रंग हवाच असेल तर पाकात बीटची एक चकती उकळून काढावी. कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवले की महिनाभर चालते. उरलेला अर्क फिरनीत किंवा श्रीखंडात घालता येईल. मधुमेह असणाऱ्यांनी शरबताऐवजी साध्या पाण्यात दोन चमचे अर्क आणि भिजवलेला सब्जा घ्यावा.

हे शरबत बाजारच्या बाटलीसारखे लागणार नाही आणि तसे दिसणारही नाही. पण ते करताना एक गोष्ट हाताला कळेल. चुलीपाशी तासभर बसल्यावर कुठे वाटीभर अर्क जमतो. जुन्या दिल्लीच्या त्या घरात एका तरुण हकिमाने आणि त्याच्या बायकोने अशाच धीराने थेंब जमवले होते. पीत कोण आहे, हे त्या थेंबांनी तेव्हाही विचारले नाही. आज संध्याकाळी अजान झाल्यावर जग शेजारच्या घरी पाठवाल, तेव्हा मुलांना या हकिमाचे नाव जरूर सांगा, आणि राबिया बेगमचेही.